मागच्या दारच्या कोंबड्या

३ मार्च

भिंगरे,

नमस्कार-चमत्कार पुढच्या खेपेला. तू फोन उचलत नाहीस, माझा नाही आणि तुझ्या दादाचाही नाही, म्हणून हे पत्र. पत्र फाडून टाकायचं म्हटलं तरी आधी पाकीट उघडावं लागतं, आणि उघडलंस की तू दोन ओळी तरी वाचणार, मी ओळखते तुला. त्या दोन ओळी या: तुझ्या कोंबड्यांची ढुंगणं घाण झाली आहेत. सगळ्यांची.

आधी पांढरीचं दिसलं. शेपटीखालची पिसं चिकटून त्याचा गोळा झालेला. म्हटलं, बसली असेल कुठे चिखलात. दुसऱ्या दिवशी तांबडीचं तेच. मग बोडकी, मग मास्तरीण. मास्तरणीकडे तर बघवत नाही. एवढी मान वर करून पाय मोजत चालणारी बाई, आणि मागे हा अवतार. शीट पातळ, पाण्यासारखी. अंडी देतात, पण ती माखलेली. धुऊन वापरायची तर मला किळस येते, आणि फेकायची तर जीव होत नाही.

घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, अशी माझी गत. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर घेतलंय. पुढच्या खोलीत कापडाचे गठ्ठे छतापर्यंत, आणि मागच्या दारातून हा वास. शाळेतल्या बाई मापं द्यायला आल्या, तर नाकाला रुमाल लावून बसल्या. मी काय सांगू त्यांना? नणंद हॅचरीत नोकरीला गेली, तिथे पिल्लं काढते, आणि इथल्या कोंबड्या माझ्या गळ्यात टाकून गेली?

आई म्हणतात, देऊन टाक कोणाला तरी. "जिने आणल्या ती गेली, आपण कशाला उस्तवार करायची?" एवढं बोलून पुन्हा त्याच मागच्या पायरीवर, त्याच कोंबड्यांसमोर जाऊन बसतात. तू गेल्यापासून त्या तिथेच जेवतात, एकट्या. टेबलाशी बोलावलं तर म्हणतात, तुझी मशीन धडधडते, मला घास गोड लागत नाही. मी आग्रह करत नाही. खरं सांगू का, दोघींनी समोरासमोर बसून मुकाट जेवण्यापेक्षा ते परवडलं. जेवण मात्र वेळच्या वेळी होतं, वाडगा लख्ख होऊन परत येतो. तेव्हा त्यांची काळजी नको. तू करत असशील असंही नाही म्हणा.

काय करायचं ते कळव, नाहीतर येऊन घेऊन जा. शेजारीण घ्यायला तयार आहे. पण ती पाळायला घेणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही.

वहिनी

११ मार्च

भिंगरे,

तुझं उत्तर मिळालं. "प्रिय वहिनी" नाही, "कशी आहेस" नाही, खाली सही नाही. कागदाच्या एका बाजूला नुसत्या सूचना. उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, तू दिवसभराच्या गाडीच्या अंतरावरून कोंबड्या हाकतेस.

पण हाकल्याप्रमाणे मी केलं. ऐक.

पहिली पांढरी घेतली, कारण ती गरीब आहे असा माझा समज होता. टबात पाणी काढलं, थोडा साबण घातला आणि तिला उचलली. आई दाराशी येऊन उभ्या. म्हणाल्या, "पाण्यात हात घालून बघ आधी. वाफा येताहेत. धुवायची आहे की शिजवायची?" पाणी निववलं. मग म्हणाल्या, "अशी धरतेस होय, सुटेल. पंख दाबून काखेत घे, तोंड तुझ्या पाठीकडे." तशी धरली आणि काय सांगू, गप्प झाली की. मी विचारलं, तुम्हाला हो कसं ठाऊक? तर म्हणाल्या, "रोज बघत नव्हते का मी तिला." तिला म्हणजे तुला. तुझं नाव त्या घेत नाहीत. घराला वास मारतो, सासरहून परत आली ती हा वास घेऊनच आली, असं पाहुण्यांसमोर तुला बोलल्या, तेव्हापासून नावच टाकलंय त्यांनी. पण "ती" म्हणून दिवसातून चारदा येतेसच.

गोळे भिजवून सोडवले. जे सुटेनात ते कापले. माझी कापडाची कात्री मी तुझ्या दादाला कागद कापायला देत नाही, ती तुझ्या कोंबडीच्या ढुंगणाला लावली, हे लक्षात ठेव. खालची कातडी लाल झाली आहे, पण तू म्हणतेस तशा अळ्या किंवा माशीची अंडी नाहीत. तीन-तीनदा बघितलं. पुसून, उन्हात ठेवून, थोडं तेल लावून सोडली. बोडकीने बोचकारलं. मास्तरणीने मात्र सगळं सोसलं आणि शेवटी टबातच शिटली.

तू विचारलंयस, सगळीच शीट पातळ आहे की मधूनच एखादी तपकिरी, घाण वासाची. ती मधली नेहमीचीच असते, घाबरू नकोस, असं लिहिलंस. बाई गं, मी आता सकाळी चहाचा कप हातात घेऊन परसात वाकून शीट बघत फिरते. काय दिवस आले. तर उत्तर असं: सगळीच पातळ.

बाकी ठीक. आईंचा गाऊन पुन्हा बाजूंनी आत घेतला. कापड धुऊन धुऊन सैल पडतं. दात त्रास देतात म्हणून हल्ली दुधात पाव कुस्करूनच मागतात, ते बरंय, मलाही चुलीपुढे कमी उभं राहावं लागतं.

धुतलेल्या कोंबड्या दोन दिवस छान दिसल्या. आज पुन्हा तेच.

वहिनी

१९ मार्च

भिंगरे,

या वेळी वर "वहिनी" एवढं लिहिलंस. प्रगती आहे.

तू सांगितलंस ते ओळीने केलं. शीट काडेपेटीत भरून जनावरांच्या दवाखान्यात नेली. रांगेत माझ्या पुढे कुत्रा, मागे बकरी आणि माझ्या हातात काडेपेटी. एकाने माझ्याकडे काडी मागितली. मी दिली नाही, एवढी माणुसकी ठेवली. डॉक्टरांनी काचेखाली बघून सांगितलं, जंत नाहीत. खाद्याचं पोतं तळाशी कुबट वाटलं, म्हणून टाकून नवं आणलं. पालेभाजीचे देठ, काकडीची सालं, सगळं बंद. पाण्याचं भांडं रोज घासते. खुराड्यातला भुसा बदलला, उंदरांची बिळं बुजवली. आता त्यांच्या खुराड्यात माझ्या खोलीपेक्षा जास्त स्वच्छता आहे. तरी शीट पातळ ती पातळच.

मग तू म्हणालीस तसं एकीला वेगळी काढली. तांबडीला खोक्यात घालून मशीनशेजारी ठेवली. खाद्य तेच, पाणी तेच. दोन-तीन दिवसांत शीट घट्ट, ढुंगण कोरडं. मी इतकी खूश झाले की पुन्हा परसात सोडली. संध्याकाळ व्हायच्या आत मागून पाणी. म्हणजे कोंबड्यांत खोट नाही, परसात आहे. कोणीतरी यांना काहीतरी घालतंय.

शेजारणीशिवाय कोण असणार? कुंपणापाशी जाऊन विचारलं. जरा जोरात विचारलं असेन. ती म्हणाली, "माझ्या घरात माणसांना पुरत नाही, तुमच्या कोंबड्यांना कोण घालायला बसलंय? आधी स्वतःच्या घरात बघा." मी म्हटलं, आमच्या घरात बघण्यासारखं काही नाही. त्यावर ती जे बोलली ते लिहीत नाही. आता आमचं बोलणं बंद. म्हणजे मला बोलायला उरलं कोण, तर मशीन आणि तांबडी.

मला काही सुधरत नाही गं. शिवायला बसते आणि कान मागच्या दाराकडे. जरा पंख फडफडले की उठते. काल एका सदऱ्याला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. उसवल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. ट्रकवरून तुझा दादा एक मुक्काम करून गेला, म्हणाला, तुझं चित्त कुठे आहे? आणि मग म्हणाला, आई वाळलीये का? मी म्हटलं, तुम्ही महिन्याने बघता म्हणून वाटतं. उतारवयात माणूस वाळतंच. त्याला सकाळी माल घेऊन निघायचं होतं.

तू आईंबद्दल एक शब्द विचारत नाहीस. विचारू नकोस. पण परसात काय चाललंय ते मला शोधायचंय, आणि मी ते शोधणार.

वहिनी

२४ मार्च

भिंगरे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस कुठेतरी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेजारीण खरं बोलत होती.

आज गणवेशांचा पहिला गठ्ठा द्यायला शाळेत निघाले होते. मापांची पट्टी विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरले. घसा सुकला होता, म्हणून चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. मागचं दार अर्धवट लोटलेलं. फटीतून आई दिसल्या, पायरीवर, मांडीवर वाडगा. समोर साऱ्या कोंबड्या मान वर करून उभ्या, दाणे टाकताना माझ्यासमोर कधी इतक्या शहाण्यासारख्या उभ्या राहत नाहीत. आई दुधातला पाव चिमटीने उचलत होत्या आणि एकेकीला घालत होत्या. आधी मास्तरणीला, मग बोडकीला. पाव संपला तसा उरलेलं दूध त्यांच्या भांड्यात ओतलं. मग वाडगा बोटाने निपटून लख्ख केला आणि जेवल्यासारखं रुमालाने तोंड पुसलं.

मी दार ढकललं. रागच आला होता, खोटं कशाला सांगू. केवढी धावपळ केली मी, काडेपेटी घेऊन रांगेत उभी राहिले, शेजारीण तोडली, आणि ही बाई रोज दूध पाजतेय त्यांना.

"हे काय चाललंय?"

दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "लवकर आलीस."

"तुम्ही घालता त्यांना दूध? रोज?"

"मला नको होतं."

"नको होतं तर सांगायचं. दोन्ही वेळा नको असतं?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं त्यांच्याकडे. उन्हात बसल्या होत्या. गळ्याची हाडं, मनगट. मी स्वतःच्या हाताने तो गाऊन आत घेतलाय भिंगरे, महिन्याभरात दोनदा. माप घेणं माझा धंदा. आणि मी कापडाला दोष देत बसले.

मी खाली बसले त्यांच्याजवळ. विचारलं, कधीपासून? तर हळूहळू सांगितलं. आधी भात उतरेना. पाणी पिऊन ढकलावा लागायचा. मग पाव. आता दूधही कधी जातं, कधी इथे अडकतं. छातीच्या मधोमध बोट ठेवून दाखवलं. अडकलं की बाहेर येतं, म्हणून मागच्या पायरीवर बसायचं, कोणाला दिसायला नको. मी म्हटलं, अहो मग बोलायचं नाही? दात दुखतो काय सांगता?

म्हणाल्या, "काय बोलू? म्हातारीचं सुरू झालं, असं म्हणाला असतात सगळे."

आता तुला सांगायला नको. या घरात आईंना काही मनासारखं करून घ्यायचं असलं की त्या अन्नावर रुसतात, आणि आपण सगळे हात जोडून पायाशी येतो. तुझं लग्न त्यांनी तसंच लावलं. दादाने ट्रक घेतला तेव्हा तसंच. आणि निघताना तू पिशवी उचलून दारातून काय म्हणालीस ते तुझ्या लक्षात असेल. "या वेळी उपाशी बसलीस तरी मी यायची नाही." तू रागात म्हणालीस, मी तेव्हा मनातून टाळ्या वाजवल्या. पण त्यांनी ते गाठीला बांधून ठेवलं. खाणं बंद झालं ते खरंखुरं, आणि नेमकं तेच त्यांना कोणाला सांगता येईना. तुला परत आणायला नाटक करतेय असं तुला वाटेल, म्हणून इतके दिवस जेवल्याचं नाटक केलं त्यांनी.

मी रडले. त्या नाही. कोंबड्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "यांचं बघायला बरं वाटतं गं. मान वर केली की गेला घास. कसं सोपंय यांचं."

मग मला शपथ घातली. "तिला कळवलंस तर मी दवाखान्यात पाऊल टाकणार नाही." मी घेतली शपथ. हात हातात घेऊन घेतली. त्या आत जाऊन पडल्या, आणि मी लगेच हे लिहायला बसले. मोडली तर मोडली. तू फोन उचलत असतीस तर शपथ एवढ्यात दोनदा मोडली असती.

आता तू काय करणार?

वहिनी

३१ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र आलं. आईंबद्दल दोन ओळी आणि कोंबड्यांबद्दल चार. "आईचं हे नेहमीचंच आहे, तू अजून फसतेस. तिला बरोबर माहीत होतं तू मला लिहिणार. दूध बंद कर, कोंबड्यांना दूध पचत नाही, आपोआप बऱ्या होतील."

दूध बंद केलं. कोंबड्या बऱ्या झाल्या. शीट घट्ट, मागची पिसं कोरडी, नवी फुटताहेत. मास्तरीण पुन्हा तोऱ्यात. एवढंच कळवायचं असतं तर पत्र इथेच संपलं असतं.

तुझी ती ओळ वाचून माझं डोकं फिरलं. पत्र चुलीत टाकणार होते. मग म्हटलं नाही, हिला हिच्याच भाषेत सांगायचं.

मला सांग, आई रुसायच्या तेव्हा कशा रुसायच्या? भिंतीकडे तोंड करून पडायच्या, ताट दाराशी तसंच ठेवायच्या, झाकायचं सुद्धा नाही, येता-जाता प्रत्येकाला दिसलं पाहिजे. शेजारणीला हाक मारून सांगायच्या की मला भूक नाही. उपाशी राहिल्याची दवंडी पिटायच्या. या वेळी काय केलं? लपवलं. वाडगा चाटूनपुसून परत पाठवला. रुसलेलं माणूस रुसवा लपवतं का? आणि तूच ना मला पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, की दुखणाईत कोंबडी दुखणं दाखवत नाही, बाकीच्यांत मिसळून दाणे टिपल्याचं सोंग करते, म्हणून पुढून बघू नकोस, उचलून शेपटीखाली बघ. ते कोंबडीचं तुला कळतं. तुझ्या आईचं कळत नाही?

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. कसं नेलं विचारू नकोस, मला कंबरदुखीची सुई घ्यायचीय, सोबत चला म्हणून खोटं बोलले. तिथे खुर्चीत बसवल्यावर पळणार कुठे? डॉक्टर तरुण आहेत, पण घाईचे नाहीत. त्यांनी पाणी प्यायला दिलं आणि नुसते बघत राहिले. आईंनी घोट घेतला, डोळे मिटले, मान ताणली, आणि बऱ्याच वेळाने तो घोट खाली गेला. नंतर वजन केलं. मी काट्याकडे बघितलं नाही.

अन्ननलिका कुठेतरी अरुंद झालीय, असं ते म्हणाले. दिवा लावलेली बारीक नळी तोंडातून आत घालून बघावं लागेल. मोठ्या दवाखान्यात, पुढच्या गुरुवारी. जागा धरून ठेवलीय. आणि आई नाही म्हणतात. "माझ्या घशात पाणी जाईना, नळी कशी जाईल? मला आहे तशी राहू द्या." दादा सुट्टी काढून आलाय. तो रागावला, मी विनवलं, शेजारीणसुद्धा येऊन समजावून गेली. मीच कुंपणापाशी जाऊन तिची माफी मागितली होती, तिने जास्त ताणलं नाही. आई कोणाचं ऐकत नाहीत. त्यांना हलवेल असं माणूस एकच आहे आणि ते हॅचरीत बसून मला लिहितंय की तू फसतेस.

तू त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. पाहुण्यांसमोर त्या तुला जे बोलल्या ते मीही विसरलेले नाही. बरं झाल्यावर भांडा. मी मधे पडणार नाही, उलट दोघींना चहा करून देईन. पण भांडायला माणूस समोर पाहिजे.

मला झोप लागत नाही, जेवण जात नाही, गणवेशांचे काजे करायचे राहिलेत. मी एकटी हे उचलू शकत नाही. हे मी तुला याआधी कधी म्हटलंय का? नाही ना. मग ये.

वहिनी

गुरुवार, सकाळी

भिंगरे,

हे पत्र टपालाने नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवतेय, साखरेच्या डब्याखाली. तुझी एक ओळीची चिठ्ठी परवा मिळाली, "गुरुवारी सकाळी पोचणाऱ्या गाडीने येते, आईला सांगू नकोस." सांगितलं नाही. गाडी वेळेवर असली तर तू दार उघडशील तेव्हा आम्ही दवाखान्यात पोचलेलो असू. कुलूप बघून घाबरू नकोस, किल्ली शेजारणीकडे आहे आणि तिला सगळं ठाऊक आहे. डब्यात पोह्यांसारखं काही शोधत बसू नकोस, काही केलेलं नाही. दूध आहे, ते तू पी.

आई तयार कशा झाल्या, हे तुला कळायला हवं. आम्ही कोणी समजावून नाही. आता मी त्यांना मागच्या पायरीवर बसू देत नाही, माझ्यासमोर टेबलाशी बसवते. परवा मी जेवत होते आणि त्या माझ्या ताटाकडे बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढणार, मीठ जास्त, भात चिकट. तर म्हणाल्या, "मला भूक लागते गं. तुम्हाला वाटतं भूक मेलीय. मेली नाही. सारखी लागते." मी ताट बाजूला सारलं. त्या म्हणाल्या, "तू जेव. तुझं का अडलंय? घाला ती नळी. गुरुवार ना?" एवढंच. उठून अंथरुणावर गेल्या.

काय सापडेल ते डॉक्टर सांगत नाहीत. अन्ननलिका नुसती आखडली असेल तर फुगवून मोकळी करता येते, आणि माणूस चार दिवसांत वरण-भात खातं, असं म्हणाले. दुसरं काही असलं तर तुकडा तपासायला जाईल. मला भीती वाटते. तुझ्या दादालाही वाटते, पण तो ट्रकचे टायर तपासत बसलाय सकाळपासून, त्याची तीच रीत.

तुला बघितल्यावर त्या नक्की म्हणणार, "कोंबड्यांसाठी आलीस ना?" उलट उत्तर देऊ नकोस. हो म्हण. हो म्हणालीस तर त्यांना बोलायला काही उरणार नाही आणि मग त्या तुझा हात धरतील. न धरला तर तू धर.

एक गोष्ट सांगू की नको, असं चाललंय माझं मघापासून. काल रात्री कपडे घडी करताना मी बोलून गेले, की आई, कोंबड्यांचं मागचं मला दिसलं आणि तुमचं काही दिसलं नाही, एवढी कशी हो मी आंधळी. त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "ती असती तर तिने आधी माझं तोंड बघितलं असतं."

मला लागलं, नाही असं नाही. पण त्या खरं बोलल्या, आणि मुख्य म्हणजे माझ्याजवळ बोलल्या.

तर परसात जाऊ नकोस. कोंबड्यांना दाणापाणी करून झालंय, खुराडं झाडलंय, त्या मजेत आहेत. पिशवी दारातच टाक आणि तशीच निघ. दुसरा मजला, जिन्याला लागून डावीकडे. त्यांना आत न्यायच्या आधी तुझं तोंड त्यांना दिसू दे.

वहिनी